दिवे मंदावताना रस्त्यावरचा माणूस विसरू नये

बडोद्याच्या दक्षिणेकडील मांजलपूर ही दाट लोकवस्ती. लगतच मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत असल्याने रात्रपाळीच्या कामगारांची येथील रस्त्यांवर ये-जा असते. नवरात्रात तर गरबा संपवून घरी परतणाऱ्यांमुळे मध्यरात्रही जागी राहते. रहदारी ओसरल्यावर पथदीप आपोआप मंद करण्याच्या कल्पनेची खरी कसोटी अशाच वस्तीत लागते.

५ जानेवारी २०१५ रोजी पथदीपांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर सोडियम दिव्यांच्या जागी एलईडी दिवे आले. बचतीचा पहिला टप्पा त्यातून साधला. सोडियम दिव्याचा उजेड सहजी कमी-अधिक करता येत नसे, एलईडीचा येतो. दुसऱ्या टप्प्याचे दार त्यामुळेच उघडले आहे.

हिशेब साधा आहे. शंभर वॉटचा दिवा रात्री अकरा तास जळला, तर १.१ युनिट वीज लागते. त्यातले पाच तास तो निम्म्या शक्तीवर ठेवला, तर पाव युनिट वाचते. असे दहा हजार दिवे धरले, तर वर्षाला नऊ लाखांहून अधिक युनिट वाचतील. जवळपास सर्व वीज बाहेरून घेणाऱ्या गोव्यासारख्या राज्याला हा आकडा दुर्लक्षून चालणार नाही.

मात्र ही बचत हाती लागण्यास दोन अटी आहेत. पहिली मीटरची. देयक जोडभारावर ठरीव दराने आकारले जात असेल, तर दिवे मंद करूनही पालिकेचा एक रुपयाही वाचणार नाही. दुसरी अट सुरक्षिततेची. भारतीय मानकानुसार मुख्य रस्त्यांना सरासरी ३० ते १५ लक्स, तर दुय्यम व वस्तीतील रस्त्यांना ८ ते ४ लक्स प्रकाश अपेक्षित आहे. जो रस्ता मुळातच चार लक्सवर आहे, तेथे मंद करण्यासारखे उरतेच काय? चौक, पादचारी मार्ग, बसथांबे आणि कारखान्यांच्या वाटा यांना सरसकट वेळापत्रक लावणे धोक्याचे ठरेल. चाहूल लागताच उजेड वाढवणारे संवेदक तेथे हवेत आणि संवेदक बिघडल्यास दिवा पूर्ण तेजाने जळत राहील, अशी रचनाही हवी.

किती वाजता आणि कोणत्या गल्लीत उजेड कमी करायचा, हे ठेकेदाराने नव्हे, तर पालिकेने प्रभागातील नागरिकांना, विशेषतः रात्री एकट्याने परतणाऱ्या महिलांना विचारून ठरवावे. वाचलेल्या विजेचा आकडाही दर महिन्याला जाहीर व्हावा. अन्यथा वीज वाचल्याचे समाधान कागदावर राहील आणि अंधार तेवढा नागरिकांच्या वाट्याला येईल.