‘सर्वोत्कृष्ट’ मिसळीचा निकष

पुण्यातील सर्वोत्कृष्ट मिसळ कोणती, हा वाद समीक्षेतील वादांहून फारसा वेगळा नाही. दोन्हीकडे निवाडा आधी होतो, निकष मागाहून शोधले जातात. हल्ली तर तिखटपणा हाच एकमेव निकष होऊन बसला आहे. तर्रीने डोळ्यांत पाणी आणले की मिसळ ‘अस्सल’! या न्यायाने नारायण पेठेतील बेडेकरांची गोडसर रश्श्याची मिसळ बाद ठरते. उलट पेठेतला रसिक कोल्हापुरी कटाला ‘नुसता जाळ’ म्हणून हिणवतो. (गंमत म्हणजे पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस देण्याबाबत मात्र बेडेकर आणि कोल्हापूर यांचे एकमत आहे.)

धायरीत हा वाद निराळा दिसतो. उर्वरित धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली. पण त्याच्या कितीतरी आधी गावोगावची माणसे आपापली जीभ घेऊन येथे स्थिरावली होती. फाट्यावरच्या गाडीवर एक जण वरून कट मागतो, दुसरा दही. गाडीवाला दोघांनाही देतो. येथली अस्सल चव पेठेने ठरवू नये, कोल्हापूरनेही नाही.

मी पाहतो ते एवढेच: मटकी शिजलेली, तरी अख्खी असावी, तेलाच्या तवंगाखाली मसाला लागावा. या कसोटीला गोडसर आणि जहाल दोन्ही उतरू शकतात. दुसऱ्यांदा सँपल मागितल्यावर जेथे लाल पाणी येते, ती मिसळ कितीही नावाजलेली असो, माझ्या यादीत नाही.