दंडकारण्य ओसाड नव्हते

पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना जमीन देऊन वसवण्यासाठी भारत सरकारने १९५८ साली दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन केले. ओरिसातील कोरापुट आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बस्तर या जिल्ह्यांत उमरकोट, मलकानगिरी, परालकोट आणि फरसगाव असे चार विभाग आखले गेले, जंगल तोडले गेले, गावे वसवली गेली. वीस वर्षांनी, १९७८ साली, हजारो कुटुंबे ती गावे सोडून बंगालकडे निघाली. तेव्हापासून या योजनेवर एक निकाल ठरून गेला आहे: योजना चांगली होती, माणसे नीट नव्हती. नद्यांच्या गाळावर भात पिकवणारी ही माणसे डोंगराळ मुलखात रुळलीच नाहीत, छावण्यांतल्या शिध्याने त्यांची कष्टाची सवय मोडली होती, असे आजही सांगितले जाते. हा निकाल मला चुकीचा वाटतो. त्यात दोष एका बाजूला ढकलला जातो आणि जमीन वाटणारा हात नामानिराळा राहतो.

आधी माणसांचे पाहू. निर्वासितांपैकी बहुतेक नमःशूद्र शेतकरी होते. खारे पाणी अडवून, दलदल उपसून शेते करण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. दंडकारण्य त्यांनी स्वतःहून निवडले नव्हते. पश्चिम बंगालमधल्या छावण्या बंद करायचे ठरले आणि दंडकारण्यात जा, नाहीतर शिधा थांबेल, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला गेला. तिथली जमीन कशी होती, हे प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेल्या शैवाल कुमार गुप्ता यांनीच लिहून ठेवले आहे. जुन्या आयसीएस परंपरेतल्या या अधिकाऱ्याने १९६४ साली पद सोडले आणि पुढल्या वर्षी ‘इकॉनॉमिक वीकली’त गावोगावच्या शेतीचा हिशेब मांडला. पाऊस भरपूर, पण उतारावरच्या मुरमाड, उथळ मातीत पाणी ठरत नाही, सिंचन नाही, कित्येक खातेदारांचे उत्पन्न घर चालण्याइतकेही नाही. असल्या रानात कोणताही कुणबी कर्जबाजारी झाला असता. याच निर्वासितांनी १९७८ साली सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर, सरकारची दमडी न घेता, काही महिन्यांत वस्ती, रस्ते, शाळा, दवाखाना आणि मासेमारीचा व्यवसाय उभा केला. जे दंडकारण्यात टिकून राहिले, त्यांनी पाणी आल्यावर पखांजूरच्या परिसरात शेती आणि मत्स्यपालन दोन्ही रुजवले. मग आळशी कोण होते?

दुसरे गृहीतक अधिक खोल आहे: जमीन रिकामी होती. सरकारी नोंदीत पडीक किंवा वन म्हणून लिहिलेली जमीन सरकारची आणि म्हणून वाटायला मोकळी, असा हा हिशेब. पण तिथल्या कोया, गोंड, परजा आदिवासींच्या दृष्टीने त्या रानाचा वापर ठरलेला होता. फिरत्या शेतीत एक तुकडा दोन-तीन वर्षे पेरतात आणि मग कित्येक वर्षे झाडोऱ्यासाठी सोडतात. त्या विश्रांतीच्या काळात सर्वेक्षण करणाऱ्याला तिथे पीक दिसत नाही. मोह, तेंदू, चिंच, चारोळी वेचण्याला, गुरे चारण्याला सातबारा लागत नाही, म्हणून तो वापर नकाशावर उमटत नाही. मानवी भूगोलाच्या अभ्यासाचे मोल मला इथे दिसते. केंब्रिजचे भूगोलतज्ज्ञ बी. एच. फार्मर यांनी स्वातंत्र्योत्तर भारतातल्या नव्या शेती-वसाहतींवर १९७४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा वसाहतींचा विचार करताना माती, पाणी, आधीचे रहिवासी आणि प्रशासन हे सारे एकत्रच पाहावे लागते. ते सुटे सुटे पाहिले की एकर तेवढे उरतात. साफ केलेल्या जमिनीचा चौथा हिस्सा आदिवासींना द्यायची तरतूद योजनेत होती, हे खरे. पण ज्याचे सारे रान होते त्याला त्यातला पाव भाग बक्षीस म्हणून देणे हा न्याय नव्हे.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. लाखो माणसे उघड्यावर होती, सरकारला घाई होती. गावोगाव हक्क तपासत बसायला सवड कुठे होती? याचे उत्तर पंजाबने दिले आहे, आणि तेही फाळणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच. पश्चिमेकडून आलेल्या शेतकऱ्यांनी सुमारे ६७ लाख एकर मागे सोडले होते, इकडे मुसलमान सोडून गेलेले ४७ लाख एकरच होते. पुनर्वसन महासंचालक तरलोक सिंग यांच्या देखरेखीखाली प्रत्येकाचा दावा घेतला गेला, तो जुन्या गावकऱ्यांसमोर तपासला गेला, मातीच्या कसाप्रमाणे ‘प्रमाण एकर’ ठरवला गेला आणि लहान खातेदाराला कमी, बड्या जमीनदाराला जास्त अशी चढती कपात लावून वाटप झाले. पूर्वेकडे अशी सोडून गेलेली जमीन मुबलक नव्हती, हे आक्षेपकाचे म्हणणे मी मान्य करतो. पण नुकसानभरपाईचा १९५४चा कायदा पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांपुरताच होता. १९५०च्या नेहरू-लियाकत करारानंतर पूर्वेकडचे लोक आपल्या मिळकतीकडे परततील असे धरून चालले गेले. म्हणजे एका निर्वासिताला हक्काचा दावेदार मानले गेले आणि दुसऱ्याला मदतीचा लाभार्थी. लाभार्थ्याला माती कशी आहे हे विचारता येत नाही. जमीन मोकळी नव्हती म्हणून तर हक्कांची तपासणी अधिक निगुतीने व्हायला हवी होती.

मरीचझांपीने हा कारभार पुरता उघडा पाडला. जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी झाली, गोळीबार झाला, मे महिन्यात वस्ती उठवली गेली. मृतांचा आकडा आजही वादात आहे. कारण सांगितले ते राखीव वनाचे. कोरापुटात याच माणसांसाठी राज्यसंस्थेने जंगल पाडले होते आणि सुंदरबनात जंगल वाचवण्यासाठी याच माणसांना हाकलले. वन राखणे गरजेचे नव्हते असे मी म्हणत नाही. सुंदरबनाला त्याची फार गरज आहे. पण जंगल कुठे मोडायचे आणि कुठे राखायचे हे ठरवताना तिथे राहणाऱ्याला किंवा राहू पाहणाऱ्याला दोन्हीकडे कोणीही विचारले नाही.

अलीकडे उलटा युक्तिवादही जोरात आहे: निर्वासितांनीच आदिवासींची जमीन बळकावली. काही ठिकाणी सावकारी आणि अतिक्रमण झाले असेल, त्याची चौकशी जरूर व्हावी. पण ती जमीन मोजून हातात देणारे प्राधिकरण होते, आणि दोघांना समोरासमोर बसवून विचारण्याचे टाळले तेही त्यानेच. दोघांमधला वाद हा त्या टाळण्याचा परिणाम आहे. हा प्रश्न महाराष्ट्रापासून लांब नाही. गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागांत बंगाली निर्वासितांची गावे आहेत. बंगालमध्ये अनुसूचित जातीत असलेला नमःशूद्र इथल्या यादीत नाही. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि जे रान कागदावर फक्त वनखात्याचे होते त्याचा कारभार गावाकडे आला. रानात राहणाऱ्याचा वापर नोंदवता येतो, त्याचा हक्क ठरवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. पण तोच कायदा बिगर-आदिवासी दावेदाराकडे डिसेंबर २००५च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास मागतो. सरकारनेच १९५८ नंतर आणून वसवलेल्या कुटुंबाने वनजमिनीवर हक्क मागितला, तर ही अट त्याला पुरी करताच येणार नाही. सरकारने वसवले त्या तारखेपासूनचा रहिवास अशा कुटुंबांसाठी पुरेसा धरावा, आणि त्यांचे दावे शेजारच्या माडिया-गोंड ग्रामसभेसमोर, तिच्या दाव्यांसोबतच ऐकले जावेत.