बेल्ट उतरवायचा तर धावपट्टीवरच

गाडीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या एका अंगाला रबरी पट्टा या पुलीवरून त्या पुलीवर फिरताना दिसतो. आपल्याकडे त्याला सरसकट फॅन बेल्ट म्हणतात, मग तो पंखा फिरवत असो वा नसो. आजच्या बहुतेक मोटारींचा पंखा विजेवर चालतो. बेल्टच्या गळ्यात असतात ते अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टेअरिंगचा पंप. ही सगळी मंडळी इंजिनाच्याच कमाईवर जगतात. म्हणून ड्रॅग रेस खेळणाऱ्यांनी फार पूर्वीच एक युक्ती काढली: आखूड बेल्ट घालायचा, एसी आणि स्टेअरिंगच्या पुल्या वगळायच्या, जमल्यास अल्टरनेटरही मोकळा सोडायचा, आणि वाचलेली ताकद चाकांना द्यायची. कोल्हापुरात हे करणे मुळीच अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरातला कसबी कारागीर हवी त्या मापाची पुली लेथवर सहज काढून देईल. युक्ती खोटी नाही, हे आधीच मान्य करतो. पण ती जिथे खरी ठरते ती जागा कोल्हापूरकराच्या आवाक्यात नाही, आणि या विषयातला खरा घोळ तिथेच आहे.

आधी हिशेब. शंभर एचपीची, चालकासह बाराशे किलो वजनाची साधी मोटार घेऊ. ड्रॅग रेसचे प्रमाण अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. ते कापायला अशा गाडीला साधारण साडेसतरा सेकंद लागतात. ताकद एक टक्का वाढली की वेळ सुमारे एक तृतीयांश टक्क्याने घटतो, असा या खेळातला जुना ठोकताळा आहे. बेल्ट आखूड करून चार एचपी वाचले, तर वेळ पाव सेकंदाच्या आतबाहेर कमी होतो. शेवटच्या रेषेवर गाडी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात असते; त्या वेगाला पाव सेकंद म्हणजे आठ-नऊ मीटर, दोन गाड्यांची लांबी. ‘चार एचपीने काय होते’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दोन गाड्यांच्या लांबीने हरणारा हरतोच.

पण हे चार एचपी येतात कुठून? एसी बंद असताना कॉम्प्रेसरचा क्लच सुटलेला असतो, पुली नुसती बेअरिंगवर फिरते, ताकद जवळजवळ खातच नाही. अनेक गाड्यांत तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की संगणकच एसी तोडतो. नव्या गाड्यांचे पॉवर स्टेअरिंग विजेवर आले, त्यामुळे तो पंपही बेल्टवरून गेला. बॅटरी भरलेली आणि दिवे बंद असतील तर अल्टरनेटर एखाद्या एचपीच्या वर फारसे मागत नाही. उरतो वॉटर पंप, आणि तो काही गाड्यांत टायमिंग बेल्टवर असतो, ज्याला हात लावला तर इंजिनच संपते. म्हणजे जुन्या, सगळा संसार बेल्टवर असलेल्या गाडीत ही युक्ती चार एचपी देईल. नव्या गाडीत दोन मिळाले तरी पुष्कळ. त्याच ठोकताळ्याने दुसरे गणित मांडा. स्टेपनी आणि मागचे सीट मिळून चाळीस किलो उतरवले, तर वेळ जवळपास तेवढाच घटतो. शेजारच्या सीटवरचा सत्तर किलोचा मित्र उतरवला तर त्याहून जास्त, आणि त्याला पाना-पक्कड लागत नाही. तरीही चर्चा बेल्टची होते, कारण बॉनेट उघडून काही काढले की केल्यासारखे वाटते.

यावर हमखास उत्तर येते: पंधरा-सतरा सेकंदांत इंजिनाला काय धाड भरते? अल्टरनेटरपासून पाहू. तो चालू असताना गाडीला चौदा व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. बंद झाला की बॅटरीचे बारा, आणि तेही उतरत जाणारे. फ्युएल पंप, इंजेक्टर, इग्निशन कॉइल सगळे त्या दाबावर अवलंबून. दाब पडला की पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही मंदावतात, मग वाचवलेला एचपी दुसऱ्या दाराने निघून जातो. वॉटर पंपाची गोष्ट याहून गंभीर. जळणाऱ्या इंधनातल्या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिनाच्या पाण्यात उतरतो. पूर्ण ताकदीला तो पन्नास-साठ किलोवॅटपर्यंत जाऊ शकतो. पाणी फिरत असेल तर ही उष्णता रेडिएटर वाहून नेतो. थांबले तर ती सगळीकडे सारखी पसरत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती साठते, तिथले पाणी उकळते, काटा मात्र निवांत असतो. ॲल्युमिनियमचे हेड वाकायला किंवा गॅस्केट उडायला एवढे पुरते. म्हणून जाणते रेसर पंप काढून टाकत नाहीत, त्याजागी विजेवरचा बसवतात.

आणि सगळ्यात वाईट शक्यता शर्यतीच्या शेवटी असते. पेट्रोल गाडीच्या ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम सहसा मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेल इंजिनात तशी सोय नसते, त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि आपल्या रस्त्यांवरच्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो. अल्टरनेटरचा बेल्ट काढला की बूस्टर गेला. साठवलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक लागेल, पुढे पेडल दगडासारखे. हे कळते तेव्हा गाडी शंभरच्या पुढे असते.

अमेरिकेतल्या टॉप फ्युएल गाड्यांचा दाखला या वादात नेहमी दिला जातो. त्यांना अल्टरनेटर नसतो, रेडिएटर नसतो, इंजिनात पाणीच नसते, हे खरे. पण ते इंजिन मुळातच चार सेकंदांसाठी बांधलेले असते, नायट्रोमिथेन त्याचे इंधनही आणि बरेचसे शीतकही, आणि दर धावेनंतर ते उघडून पुन्हा जोडतात. शिवाय त्याच इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर फिरवणारा एक जाडजूड बेल्ट असतो, जो शेकडो एचपी गिळतो आणि त्याच्या कित्येक पट परत देतो. तेव्हा बेल्ट किती खातो हा अर्धाच प्रश्न झाला. इतके करूनही २००८ साली रेसर स्कॉट कलिट्टाच्या मृत्यूनंतर तिथल्या संघटनेने या गाड्यांची धाव पाव मैलावरून हजार फुटांवर आणली. थांबायला जागा हवी, हे जगातल्या सगळ्यात अनुभवी आयोजकांनाही किंमत मोजून शिकावे लागले.

आता कोल्हापूर. या शहराला इंजिन परके नाही. इथल्या फाउंड्यांतून देशभरच्या वाहन उद्योगाला ओतकाम जाते, कागलला ऑइल इंजिनांचा मोठा कारखाना आहे, मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. पण कार्टिंगच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर सरळ ४०२ मीटरची शर्यत होत नाही. महाराष्ट्रात ती गाजली लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर, ‘द व्हॅली रन’मध्ये. कोल्हापूरहून ते अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. ट्रेलर परवडत नसलेल्या पोराने बेल्ट काढलेली गाडी तिथवर चालवत नेणे अशक्य. दिवे लावून निघाला तर बॅटरी कराडच्या पुढे फार साथ देणार नाही. मग बेल्ट गॅरेजमध्ये निघतो, आणि ‘पिकअप वाढला का’ हे बघायला गाडी रात्रीच्या हायवेवर जाते. तिथे घड्याळ नाही, तपासणी नाही, समोरून उसाची ट्रॉली मात्र विनादिव्याची येऊ शकते.

म्हणून कोल्हापूरजवळच अशा शर्यतीसाठी धावपट्टी हवी. ती दिली तर रस्त्यावरचे वेड वाढेल, हा आक्षेप मी हलका समजत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणाऱ्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. ते कसोशीने लावलेच पाहिजे. पण त्याच कलमात ‘राज्य सरकारच्या लेखी संमतीविना’ अशी अट आहे, म्हणजे कायद्याने दार लावले तरी कडी बाहेरून घातलेली नाही. आणि आपल्याजवळचे उदाहरण बैलगाडा शर्यतीचे आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली, राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. ज्या हौसेला बंदीने संपवता आले नाही, तिला परवानगी, तपासणी आणि जबाबदार आयोजक या चौकटीत आणले गेले. इंजिनाच्या हौसेला वेगळा न्याय का? विजेच्या गाड्या आल्यावर हा बेल्टच उरणार नाही, असे कुणी म्हणेल. नसेल, शर्यत राहीलच, आणि विजेची गाडी पहिल्या शंभर मीटरला आजच्या गाड्यांहून वेगवान आहे.

जागेचे गणितही अवाढव्य नाही. धावायला ४०२ मीटर, थांबायला त्याहून थोडे जास्त, असा एक किलोमीटर लांब आणि वीस मीटर रुंद पट्टा म्हणजे दोन हेक्टर, पाच एकर. सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंना मोकळी जागा धरून तिप्पट घ्या. औद्योगिक वसाहतीच्या हिशेबात हा तुकडा मोठा नाही. महिन्यातून एक रविवार, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या नियमांखाली, रुग्णवाहिका आणि अग्निशमन उभे ठेवून. तपासनिसाने बेल्ट काढलेल्या गाडीला हरकत घेऊ नये. तिचे इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल लागोपाठ पाच वेळा दाबावे, आणि पाचव्या वेळीही ते तितकेच हलके राहिले तरच चिठ्ठी द्यावी.