वाद्यांची जातवारी आणि विद्यापीठ

सतार किंवा तबला एकट्याने वाजवून पदव्युत्तर पदवी मिळते, तर किंगरी वाजवून ती का मिळू नये, असा प्रश्न सिरोंचाच्या बाजूने कोणी केला तर संगीतक्षेत्रातील प्रतिष्ठित मंडळी सौम्यपणे हसतील. त्या हसण्यामागे वाद्यांचीही एक जातवारी उभी आहे. महाविद्यालयीन अध्यापकांसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत संगीत विषयाला हिंदुस्थानी, कर्नाटक, रवींद्रसंगीत आणि तालवाद्ये एवढ्याच वाटा आहेत. या चौकटीबाहेरचा वादक कितीही मोठा असो, अध्यापकाची वेतनश्रेणी त्याला दुर्मिळच. त्याच्या वाट्याला 26 जानेवारीचे पथसंचलन, मंत्र्यांचे स्वागत आणि एका दिवसाचे मानधन येते. एकाच श्रमाला एकीकडे निवृत्तिवेतन आणि दुसरीकडे रोजंदारी, हा भेद सुरांनी केलेला नाही. तो अभ्यासमंडळांनी केलेला आहे.

प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरील सिरोंचा तालुक्यात तेलुगू, गोंडी आणि मराठी एकाच बाजारात बोलल्या जातात. साने गुरुजींनी स्वप्न पाहिलेली आंतरभारती तेथे कोणत्याही अनुदानाविना नांदते. गोंडांचे परंपरागत कथागायक म्हणजे परधान. गजाने वाजविण्याच्या तीन तारांच्या किंगरीवर ते कुळांच्या उत्पत्तिकथा गातात. शेजारच्या आदिलाबादमधील गोंडांच्या या कथा व विधी फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1948 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि जगभरच्या मानववंशशास्त्रज्ञांनी ते अभ्यासले. कथेला विद्यापीठात स्थान मिळाले, कथेकऱ्याला मात्र नाही!

कोणतेही वाद्य जन्मतः शास्त्रीय नसते. तबला आणि सारंगी ही एके काळी कोठ्यावरची वाद्ये म्हणून हिणविली जात. पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी स्वरलिपी आणि क्रमिक पुस्तके सिद्ध केली, तेव्हा संगीताला मध्यमवर्गीय घरांचे दार उघडले. हार्मोनियमची कथा तर अधिक बोलकी आहे. भारतीय संगीताला अयोग्य म्हणून 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती 1971 मध्ये सैल झाली. आज तिच्या एकलवादनाच्या परीक्षा गावोगाव होतात. तीस वर्षांत हार्मोनियमच्या पट्ट्या बदलल्या नाहीत, बदलले ते परीक्षकांचे मत.

एक आक्षेप मात्र विचारार्ह आहे. आदिवासींचे वादन सामूहिक. मांदरीवाल्याला नाचणाऱ्यांच्या रिंगणातून काढून परीक्षकांपुढे एकटा बसविला तर उरेल काय? आक्षेप खरा, निष्कर्ष खोटा. जावाचे गॅमेलान हेही समूहाचेच वादन. अमेरिकेतील मँटल हूड यांनी 1960 मध्ये द्विसंगीततेचा विचार मांडला. त्यांच्या लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यांना परके संगीत नुसते वाचून भागत नसे, वादकांत बसून वाजवावे लागे. मांदरीची परीक्षा गावच्या नाचात घ्यावी. परीक्षकांनी थोडे चालावे. किंगरीचे तर तसेही नाही. कथा सांगणारा तिचा धनी प्रहर न् प्रहर सभा धरून ठेवतो, आणि एकलवादनाची याहून कठीण कसोटी कोणती असणार?

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो: आधी रस्ता, दवाखाना, तेंदूपानाचा भाव, मग वाद्ये. मेडीगड्डा धरणाच्या फुगवट्याखाली ज्यांची शेती गेली त्यांच्यापुढे किंगरीची कथा काय लावता? पण भाकरी आणि संगीत यांत निवड करण्याची अट पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांना कोणी घातली होती? तेथील संगीतविभाग सार्वजनिक पैशावर चालतात, आणि चालावेत. मात्र त्याच तिजोरीत सागवानाचे आणि सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्पन्नही जमा होते. डॉ. लोहियांचा विशेष संधीचा सिद्धांत सरकारी नोकऱ्यांपुरता मानून चालणार नाही. विद्या कशाला म्हणायचे हे कोण ठरवितो, येथपर्यंत तो गेला पाहिजे.

शिकविणार कोण, ही अडचण सांगितली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये व्यवसायातील अनुभवी व्यक्तींना औपचारिक पदवीविना प्राध्यापक नेमण्याची मुभा दिली. पंधरा वर्षांचा अनुभव पुरे. ही तरतूद कंपन्यांच्या निवृत्त व्यवस्थापकांसाठीच आहे, असे कोठेही लिहिलेले नाही. तीही तीन-चार वर्षांचीच, म्हणून कायम पदाची मागणी सोडता कामा नये. 1985 मध्ये स्थापन झालेल्या तेलुगू विद्यापीठाने वरंगळला लोकसंस्कृती व आदिवासी संस्कृतीसाठी स्वतंत्र पीठ काढले. सिरोंचाहून ते वरंगळ जवळ आहे. गडचिरोली दोनशे किलोमीटरांहून दूर.

गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जनतेसाठी म्हणून वेगळे झाले. त्याच्या अधिसभेत पदवीधरांच्या मतांवर निवडून येणारे सभासद असतात. ती मते मागायला पुढचे उमेदवार येतील तेव्हा कार्यकर्त्यांनी त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: किंगरी आणि मांदरी हे मुख्य वाद्य घेऊन पदव्युत्तर परीक्षा केव्हापासून, आणि तिच्या पहिल्या अध्यापकाचे वेतन किती.