उघडता येणारी लेन्स

मामूंच्या झेनिट कॅमेऱ्याची लेन्स माझ्या हाती आली, तेव्हा तिची फोकसची रिंग जागची हलत नव्हती आणि काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती. कोकणातले पावसाळे आणि बंद चामडी केस! दुसरं काय होणार? एका दुकानात दाखवली. "भंगारात द्या, नवीन घ्या," एवढंच उत्तर मिळालं.

ही लेन्स हेलिओस ४४-२. ५८ मिलिमीटर, एफ २. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याची घडण, जर्मनीतल्या झाइसच्या बायोटारवर बेतलेली. आज तिचं कौतुक होतं ते चेहऱ्यामागची पानं भोवऱ्यासारखी गरगरतात म्हणून. खरं तर तो भोवरा भिंगाचा दोषच. असो, मलाही आवडतो. पण हौशी लोकांचं प्रेम तिथेच संपतं. रिंग घट्ट झाली की लेन्स ड्रॉवरमध्ये आणि दुसरीची शोधाशोध सुरू. माझ्या मते तिचा मोठा गुण वेगळाच आहे, ती उघडता येते.

समोरची नाव कोरलेली रिंग रबराच्या तुकड्याने दाबून फिरवली की निघते. फोकसची रिंग तीन बारीक स्क्रूंवर असते. आत पितळ आणि अॅल्युमिनियमचे आटे, त्यांत कित्येक वर्षांपूर्वीचं वाळून चिकट झालेलं ग्रीस. ते पेट्रोलने धुवायचं, नवं लावायचं. मात्र आटे सुटतात ती नेमकी जागा खुणेने टिपून ठेवावी लागते, कारण या आट्यांना एकापेक्षा जास्त तोंडं असतात. मी खूण केली नाही. जोडून झाल्यावर लांबचं काही स्पष्टच दिसेना. दोन रात्री एकेक तोंड लावून पाहिलं, तेव्हा कुठे जमलं. बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइडने गेली. कोटिंग खाल्लेल्या जागी डाग राहिला. उन्हाच्या दिशेने फोटो काढला तर थोडा धुरकट येतो, एरवी जाणवत नाही.

बाजारात या सगळ्या लेन्सना सरसकट 'रशियन' म्हणतात. फेड कॅमेरा खारकिवचा. मकारेंको या शिक्षकाने चालवलेल्या बेघर मुलांच्या वसाहतीत ती मुलं १९३४पासून लायकाची नक्कल बनवू लागली. नाव मात्र ठेवलं सोव्हिएत गुप्त पोलिसांचे पहिले प्रमुख फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की यांच्या आद्याक्षरांवरून. किएव्ह कॅमेरा महायुद्धानंतर जर्मनीतून उचलून नेलेल्या काँटॅक्सच्या यंत्रसामग्रीवर युक्रेनच्याच राजधानीत, आर्सेनल कारखान्यात बनला. खारकिववर बॉम्ब पडताना पाहिल्यावर तो 'रशियन' शब्द मला टोचतो.

त्या काळाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. कारखान्यांतली तपासणी ढिसाळ, एकाच नावाच्या दोन लेन्स सारख्या निघतील याची खात्री नाही. तरीही बिघडलेली वस्तू शहरातला कुठलाही घड्याळजी खोलू शकेल, अशी ती बनली होती. आजच्या कितीतरी लेन्समध्ये रिंग फिरवली तरी वीज मिळाल्याशिवाय काच हलत नाही. आत मोटर, पट्टीसारख्या नाजूक केबल, कुठे कुठे चक्क गोंद. सुटा भाग मागितला तर कंपनी सर्व्हिस सेंटरचा पत्ता देते आणि सर्व्हिस सेंटर नव्या लेन्सचा भाव सांगतं. केंद्र सरकारने २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. माहिती एका जागी आली, चांगलं झालं. पण निव्वळ पोर्टलमुळे कंपनीवर सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका विकण्याची सक्ती होत नाही. ती कायद्यानेच व्हायला हवी. नाहीतर पैसे मोजूनही वस्तू आपली होतच नाही. शिवाय ज्यांच्या हातात हुनर आहे, त्या कारागिरांची मुलं मोबाइलचे कव्हर विकत बसतात.

दुरुस्त लेन्स घेऊन मी मामूंकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, मग उलटी फिरवली.

"ग्रीस पातळ घातलंस बेटा," ते म्हणाले. "उन्हाळ्यात वाहून पडद्याच्या पात्यांवर येईल. परत खोल."

या रविवारी खोलणार आहे. या वेळी आधी खूण करून.