‘तुंबाडचे खोत’ कुळांच्या नातवंडांनी कसे वाचावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एम. ए. मराठीची एक विद्यार्थिनी पिशवीतून दोन जाडजूड खंड घेऊन आली. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’. म्हणाली, “दादा, तीनदा सुरू केली. साठ पानांच्या पुढे जातच नाही. कोण कोणाचा काका, कोण कोणाचा पुतण्या, काही लागत नाही. माझी कुवतच नाही बहुतेक.” शेजारी बसलेला आमचा एक कार्यकर्ता लगेच म्हणाला, “मग सोड ना! खोतांचं कौतुक आपण कशाला वाचायचं? आपलं साहित्य काय थोडं आहे?”

आम्हाला या दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत. तेव्हा घाईत जे बोललो ते इथे जरा नीट मांडतो आहोत.

आधी कार्यकर्त्याचे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी खोताच्या अंगणात चपला हातात घेऊन उभे राहायचे, त्यांनी खोताच्या घराण्याची हजाराहून जास्त पाने का वाचावीत, हा प्रश्न चुकीचा नाही. पण ‘वाचू नका’ हे त्याचे उत्तर नव्हे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. ती काय सांगते हे ठाऊक होते म्हणून जाळली गेली. पुढेही बाबासाहेबांनी ज्या ज्या ग्रंथांना आव्हान दिले ते आधी ओळीओळीने वाचले. न वाचता नाकारणे ही आपली परंपरा नाही. वाचण्यापासून आपल्याला लांब ठेवले गेले होते, आणि आता आपण स्वतःहूनच लांब राहायचे असेल तर मग लढलो कशासाठी?

शिवाय ही कादंबरी खोतांची आरती नाही. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. नोकरी केली मुंबईत बेस्टमध्ये, पण कादंबऱ्यांतून पुन्हा पुन्हा आले कोकणातच. ‘रथचक्र’साठी त्यांना १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली दोन खंडांत आली. खेड तालुक्यात जगबुडीच्या काठावरचे एक घराणे पिढ्यान्‌पिढ्या कसे माजते आणि कसे खचते, हे त्यात आहे. सत्ता माणसाचे काय करते हे सत्तेच्या घरात शिरून पाहायचे असेल, तर मराठीत अशी पुस्तके फार नाहीत. (२०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटाने नाव इथून घेतले, गोष्ट नाही. चित्रपट पाहून परीक्षेला बसू नका!)

आता त्या मुलीचे. कुवत नाही असे तिला का वाटले? समाजशास्त्रात बोर्द्यू नावाचा फ्रेंच अभ्यासक ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हणतो ते हेच. ज्या घरात पुस्तकांचे कपाट असते, त्या घरातल्या मुलाला जाड पुस्तकाची भीती वाटत नाही. कळले नाही तर तो पुस्तकाला कंटाळवाणे म्हणतो. आपली मुलगी स्वतःला कमी समजते. कठीण तर हे पुस्तक दोघांनाही आहे. म्हणून मित्रांनो, पहिला सल्ला हाच की पुस्तक अडले तर दोष स्वतःकडे घेऊ नका.

बाकीच्या गोष्टी कामाच्या आहेत.

एक. वही घ्या आणि पहिल्या पानापासून वंशावळ काढत जा. नवीन नाव आले की लिहायचे, कोणाचा कोण ते जोडायचे. घराण्याच्या कादंबऱ्यांत निम्मे वाचक नात्यांतच हरवतात. दहा-पंधरा नावांचा कागद पुस्तकात ठेवला की अर्धी अडचण संपते.

दोन. रोज वीस पाने. जास्त नाही, कमी नाही. या हिशेबाने दोन-सव्वादोन महिन्यांत दोन्ही खंड संपतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे होत नाही, आणि गाईडमध्ये तर फक्त कथानकाचा सांगाडा मिळतो.

तीन. खोती म्हणजे काय ते आधी समजून घ्या. खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला वंशपरंपरेचा सारावसुलीदार. रत्नागिरी जिल्ह्यात आणि कुलाब्यात त्याचे राज्य. सरकारात ठरलेला सारा भरायचा आणि कुळाकडून बऱ्याचदा भाताचे निम्मे पीक उचलायचे. वर वेठ वेगळीच. १८८० च्या खोती कायद्याने इंग्रजांनी या हक्कावर शिक्का मारला. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या शेतकरी परिषदेत बाबासाहेब या पद्धतीविरुद्ध बोलले. अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी वर्षानुवर्षे शेती करणेच बंद ठेवले. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला त्यासाठी मुंबईत हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि त्यांत कुणबीही होते, महारही होते. ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा यायला १९४९ उजाडले. या तारखा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. कादंबरीतला काळ पुढे सरकेल तसे विचारत जा, की या वेळी माजघरात हे चालले होते तेव्हा खळ्यावर काय चालले होते?

चार. प्रत्येक प्रकरणानंतर एकच प्रश्न लिहायचा. यात काम कोण करतंय? भात कोणी लावले, पालखी-डोली कोणी उचलली, निरोप घेऊन रात्री कोण धावले, त्याला नाव आहे का, तो बोलतो का? उत्तर आधीच ठरवून वाचू नका. कुठे पेंडसे त्याला पूर्ण माणूस म्हणून उभा करतात आणि कुठे तो नुसता सावलीसारखा जातो, ते तुमचे तुम्ही मोजा. ही मोजणी म्हणजेच समीक्षा. त्यासाठी परदेशी सिद्धांतांची गरज नाही.

पाच. सोबत उर्मिला पवारांचे ‘आयदान’ वाचा. ते २००३ साली आले. आपल्या रत्नागिरीतलेच, फणसवळ्याचे. डोंगर चढून-उतरून रत्नागिरीच्या बाजाराला माल घेऊन जाणाऱ्या बायका आणि बांबूची आयदाने विणणारी आई त्यात आहेत. एका पुस्तकात वाड्याच्या आतून जिल्हा दिसतो, दुसऱ्यात गावकुसाबाहेरून. दोन्ही पाहिले तरच जिल्हा पुरता दिसतो.

काही प्राध्यापकांना चौथी गोष्ट आवडत नाही. ते म्हणतात, कलाकृतीत जात आणू नका, सौंदर्य बघा. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या पुस्तकाच्या नावातच ‘खोत’ आहे, त्यात जमीन आणि जात आम्ही बाहेरून आणलेली नाही. लेखकानेच ती शीर्षकात ठेवली. उलट ती न पाहता वाचले तर पेंडशांनी केलेले निम्मे काम वाया जाते. मात्र आपल्या मुलांनाही बजावतो, की खोताच्या घरातले दुःखही दुःखच असते. तिथे विधवा असते, वेडा असतो, कर्जात बुडालेला असतो. ते वाचताना डोळ्यांत पाणी आले तर लाजू नका. आपल्या बाजूचे न्याय मागणे आणि समोरच्याचे माणूसपण ओळखणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. बुद्धाच्या करुणेतून शत्रू वगळलेला नाही.

राहिली सहावी गोष्ट, ती त्या मुलीनेच आम्हाला शिकवली. आम्ही तिला सांगितले होते, जे शब्द अडतील ते मोबाईलवर शोधू नको, घरी विचार. तिने नव्वदीच्या घरातल्या आजीला ‘मक्ता’ म्हणजे काय विचारले. आजी आधी गप्प बसली. मग म्हणाली, “वाच बघू, काय लिवलाय.” मुलगी वाचत गेली, आजी ऐकत गेली. मध्येच थांबवून म्हणायची, “ह्यां खरां,” आणि कधी, “ह्यां त्यास्नी म्हायत नाय.” भात तयार झाले की खोताचा माणूस उभ्या पिकाचा अंदाज करायला यायचा, आणि तो यायच्या आधी एक पायली तरी वेगळी काढता येईल का म्हणून आजीची आई रात्री कशी शेतात जायची, हे त्या घरात सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कोणी विचारले नव्हते. मुलीने ते वहीत उतरवले. साठ पानांचा अडथळा केव्हा ओलांडला ते तिलाही कळले नाही.

ज्या भांडवलाची गोष्ट आम्ही वर केली, ते या एका पुस्तकापुरते तरी आपल्याच घरात आहे. फक्त ते छापलेले नाही, आणि ते सांगणारी माणसे आता फार दिवसांची सोबती नाहीत. त्या मुलीची आजी मार्गशीर्षात गेली. तेव्हा वही एकशे दहा पानांची झाली होती. मुलीचा दुसरा खंड अजून निम्मा बाकी आहे, आणि आता विचारायला घरात कोणी नाही.

म्हणून परीक्षेची वाट पाहू नका. पुस्तक या आठवड्यात काढा, आणि वाचायला एकटे बसू नका. वाडीत जो कोणी म्हातारा माणूस असेल, त्याच्याजवळ बसा.

जय भीम.