बंदर धक्क्यावर संपत नाही

हजीऱ्याहून घोघ्याला जाणारी फेरी पकडायची, तर नंदुरबारकरांना आधी सुरत गाठावी लागते. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर पडणारे अंतर समुद्रमार्गे ९० वर येते. नोव्हेंबर २०२० पासून ही सोय झाली आहे. बोटीपूर्वी हाती उरलेला अर्धा दिवस कसा घालवावा, याचे समाजमाध्यमी उत्तर ठरलेले : लोचो खा, कापडबाजार पाहा. इतिहास आठवलाच तर एक ओळ : शिवछत्रपतींनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली.

ओळ खरी आहे. पण लुटण्याजोगी संपत्ती सुरतेत आली कोठून, हे कोणी विचारीत नाही. बंदर म्हणजे केवळ धक्का नव्हे. त्याच्या पाठीशी शेकडो कोसांचा रस्ता असतो. सुरतेहून आग्र्याला जाणारे दोन मार्ग फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये नोंदवतो. एक अहमदाबादवरून, दुसरा बुऱ्हाणपुरावरून. आणि हा दुसरा नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा जातो. नवापूरपाशी त्याची लेखणी रेंगाळते : विणकरांनी भरलेले मोठे गाव, आणि बारीक दाण्याचा, शिजल्यावर हिमासारखा शुभ्र, कस्तुरीच्या वासाचा तांदूळ; उमराव म्हणे दुसरा खातच नसत. त्यापूर्वी १६१५ मध्ये जहांगीराच्या भेटीस निघालेला इंग्लंडचा वकील टॉमस रो याच वाटेने बुऱ्हाणपुरास गेला. जुन्या खानदेश गॅझेटिअरात नंदुरबारला १६६६ मध्ये इंग्रजांची वखार असल्याची नोंद आहे. आडगावी कोणी वखार घालीत नाही.

‘सुरत गुजरातची, आम्हांला तिचे काय?’ हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. ही सीमा १ मे १९६० ची. तांड्यांच्या बैलांना ती ठाऊक नव्हती. नवापूरच्या रेल्वे स्थानकाला तर आजही ती नीट पाळता येत नाही, अर्धे फलाट इकडे, अर्धे तिकडे! मात्र याच सीमेने आपल्या पोरांच्या मनात ‘आम्ही टोकाचे, दुर्गम, आम्हांला इतिहास नाही’ हे वाक्य रुजवले. आग्रा आणि सुरत यांना जोडणाऱ्या वाटेवरचे गाव टोकाचे कसे?

त्या व्यापाराने येथे सुबत्ता नांदत होती, असा दावा मी करीत नाही. नवापूरच्या विणकराच्या हाती त्यातले काय पडले? भाताच्या खाचरात राबणाऱ्याला तो सुगंधी तांदूळ कधी खायला मिळाला का? हे प्रश्न सुरतेच्या इतिहासाचेच आहेत, आणि ते नंदुरबारने विचारायला हवेत.

तेव्हा अर्धा दिवस असाच दवडू नका. तापीकाठचा, पोर्तुगिजांच्या धाकाने सोळाव्या शतकात बांधलेला किल्ला पाहा. १६४४ ची मुघलसराय पाहा; हजयात्रेकरूंच्या त्या मुक्कामात आज महापालिकेचे कार्यालय आहे. जॉर्ज ऑक्सेंडनची भव्य कबर पाहा. १६६४ च्या स्वारीत इंग्रज वखार लढवणारा तो हाच. हजीऱ्याजवळच सुवाळी आहे. तापीच्या मुखाशी गाळ साचल्यामुळे मोठी गलबते तेथेच नांगरत. १६१२ मध्ये बेस्टच्या इंग्रज जहाजांनी पोर्तुगिजांना हरवले तेही तेथेच, आणि रो उतरलाही तेथेच. खानदेशचा माल खुष्कीने गेला, तापीने नेला तो गाळ!

मग खुशाल बोट पकडा. पलीकडचे घोघाही जुने बंदर; त्याविषयी पुढच्या धाग्यात.